निरक्षर आरोपीला अटकेची कारणे ‘समजणाऱ्या भाषेत’ दिली, हे कसे ठरते? मार्गदर्शन हवे आहे

सातपुड्याच्या पट्ट्यातील एका तालुक्यात मी विधी सेवा समितीच्या पॅनेलवरील वकील म्हणून काम करतो. येथील अनेक आरोपींच्या घरी पावरी किंवा भिली बोलली जाते. बाजारापुरती मराठी त्यांना कळते, पण वाचता येत नाही. रिमांडच्या वेळी त्यांच्या कागदपत्रांत अटकेच्या कारणांची छापील मराठी प्रत आणि तिच्यावर अंगठा असतो. मजकूर वाचून दाखवला का आणि कोणत्या भाषेत, याची नोंद बहुधा नसते.

कायदा कोठवर आला आहे, ते थोडक्यात मांडतो. संविधानाचा अनुच्छेद 22(1) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 47 यांनुसार अटकेची कारणे कळवणे बंधनकारक आहे. ती लेखी हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पंकज बन्सल (2023) आणि प्रबीर पुरकायस्थ (2024) या निकालांत विशेष कायद्यांच्या (मनी लाँडरिंगविरोधी आणि बेकायदा कारवायाविरोधी) संदर्भात ठरले. मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नोव्हेंबर 2025 च्या निकालाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला. कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आधी तोंडी सांगितली तरी लेखी प्रत रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी, असे न्यायालयाने सांगितले.

माझी अडचण यानंतर सुरू होते. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1962) या स्थानबद्धतेच्या (खटल्याविना प्रतिबंधात्मक कैदेच्या) प्रकरणात इंग्रजी कारणे तोंडी समजावून सांगणे अपुरे ठरले होते, परंतु तेथे स्थानबद्ध व्यक्तीला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे हिंदीत, लेखी भाषांतर देणे शक्य होते. ज्याला कोणतीच लिपी येत नाही, त्याच्या हाती पावरी मजकूर देवनागरीत लिहून दिला तरी त्याच्या पदरी काय पडणार? माझ्या मते अशा वेळी लेखी प्रतीसोबत दुभाष्यामार्फत वाचन, दुभाष्याची सही आणि शक्य तर ध्वनिमुद्रण आवश्यक मानले पाहिजे, नाहीतर अनुच्छेद 22 चे संरक्षण केवळ साक्षरांपुरते उरेल. सरकारी पक्ष मात्र कर्नाटक राज्य विरुद्ध दर्शन (ऑगस्ट 2025) या निकालावर बोट ठेवतो. आरोपीच्या बचावाला प्रत्यक्ष बाधा पोहोचल्याचे दाखवल्याशिवाय केवळ लेखी कारणांच्या अभावी अटक बेकायदा ठरत नाही, अशी त्यातील भूमिका आहे.

जाणकारांनी दोन बाबींवर सांगावे. आरोपीला भाषा समजत होती हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर असल्याचा युक्तिवाद विहान कुमार (2025) निकालाच्या आधारे कितपत टिकतो? अनुच्छेद 22 चे पालन झाल्याचे पोलिसांनी सिद्ध करावे, असे त्यात म्हटले आहे, पण भाषेचा प्रश्न तेथे थेट नव्हता. आणि गडचिरोली, मेळघाट किंवा पालघर भागात काम करणाऱ्या वकिलांनी पहिल्या रिमांडलाच हा आक्षेप नोंदवून घेतला असेल, तर अर्जात नेमकी कोणती मागणी केली होती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला स्वतः प्रश्न विचारून खात्री केली का?