मण्याला भोक पाडलं की उंची किती उरते? १० मण्यांत ३४ मिमी कमी भरतात

ओटी_पडवी

नमस्कार मंडळी. ओटीवरच्या झोपाळ्याच्या चार कड्यांवर सागवानी मणी ओवायचे आहेत. कडी पितळेची, १९ मिमी जाड. वरच्या आणि खालच्या हुकांमधली सरळ जागा ६०० मिमी. त्या हिशोबाने ६० मिमी व्यासाचे १० मणी कातून घेतले आणि मधोमध २० मिमीचं भोक पाडलं. ओवले तर माळ जेमतेम ५६६ भरते. मणी आडवे मोजले तर प्रत्येक बरोबर ६०.

तीन गोष्टी हव्यात. ६०० भरायला मणी किती व्यासाचा घ्यावा? चारही कड्यांचं मिळून वजन किती होईल? (भोक न पाडलेला ६० चा एक मणी काट्यावर ७० ग्रॅम भरला.) आणि लाख चढवायला पृष्ठभाग किती धरावा?

भूमिती_रत्नागिरी

तुमचे मणी बरोबर आहेत, हिशोबात टोप्या राहून गेल्या. गोल मण्यातून भोक आरपार गेलं की नुसती नळकांडी बाहेर पडत नाही. तिच्या दोन्ही टोकांवरच्या घुमटासारख्या टोप्याही जातात, म्हणून मणी आडवा ६० राहिला तरी उभा कमी होतो.

मणी मधोमध कापला असं समजा. भोकाची रुंदी आणि उरलेली उंची या आयताच्या दोन बाजू, आणि मण्याचा व्यास हा त्याचा कर्ण. म्हणजे

उंची² = व्यास² − भोक²

तुमच्या मण्यासाठी ३६०० − ४०० = ३२००, वर्गमूळ ५६.५७. प्रत्येक टोपी १.७२ मिमीची. १० मणी मिळून ५६५.७, म्हणजे तुमचे ५६६.

आता उलट जाऊ. उंची ६० हवी, भोक २०. व्यास² = ३६०० + ४०० = ४०००, म्हणून व्यास ६३.२५ मिमी.

उरलेलं घनफळ = ०.५२३६ × उंची³. यात फक्त उंची येते. ६० उंचीसाठी ते ११३.१ घन सेंमी होतं, आणि ६० व्यासाच्या भरीव मण्याचं घनफळही तेवढंच. लाकूड तेच असेल तर भोक पाडलेला ६३.२५ चा मणी ७० ग्रॅमच भरेल. ४० मणी मिळून २.८ किलो.

बाहेरचा पृष्ठभाग = ३.१४१६ × व्यास × उंची, इथे ११९ चौ. सेंमी. ४० मण्यांचे ४,७७० चौ. सेंमी, साधारण अर्धा चौरस मीटर. भोकाच्या आत लाख चढवायची गरज नाही.

काहीजण गोळ्याच्या घनफळातून पूर्ण व्यासाइतक्या लांबीची नळकांडी वजा करतात. २० च्या भोकाला ती चूक अर्धा घन सेंमी, खपून जाते. पण ६० च्या मण्यात ४० चं भोक असेल तर खरं घनफळ ४६.८ येतं आणि त्या पद्धतीने ३७.७, जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. भोक जितकं मोठं तितक्या टोप्या जाड.

कातकाम_सावंतवाडी

आकडे बरोबर आहेत. पण आधी गोळा कातून मग भोक पाडायचं हा क्रम बदला. गोळा पकडीत घट्ट बसत नाही, गिरमिटाचं टोक वळलेल्या अंगावरून घसरतं आणि भोक मध्यापासून सरकतं. नुसतं १ मिमी सरकलं तरी तुमच्या ६० च्या मण्यात भोकाच्या एका काठाला उंची ५७.२ आणि समोरच्या काठाला ५५.८ येते. असे मणी एकमेकांवर सपाट बसत नाहीत. उंच काठावर टेकतात, दुसऱ्या बाजूला फट दिसते. व्हर्निअरच्या जबड्यांनी समोरासमोर दोन ठिकाणी उंची मोजा. फरक १.४ आला तर भोक सुमारे १ मिमी बाजूला आहे असं धरा.

म्हणून आधी भोक, मग गोलाई. ६८ मिमी चौरस पट्टीचे बरोबर ६० लांबीचे तुकडे पाडा, दोन्ही तोंडं काटकोनात. लांबी व्यासाएवढी लागत नाही, उरलेल्या उंचीएवढी पुरते, लाकूडही वाचतं. भोक लाकडाच्या उभ्या रेषेत पाडा, खाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर गिरमिट बाहेर पडताना काठ फुटतो. मग तुकडा २० च्या सळईवर चढवा, दोन्ही बाजूंनी आवळा आणि लेथवर कातायला घ्या. सुरुवातीला दोन्ही तोंडांवर रुंद सपाट भाग दिसेल. गोलाई जशी पुढे सरकेल तशी ती सपाट कडी बारीक होत जाते. ती भोकाच्या काठाशी नाहीशी झाली आणि मधला व्यास ६३.२५ आला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तर गोलाई बिनचूक. कडी आधीच संपली तर खांदे जास्त उतरले, मणी लिंबासारखा झाला. व्यास आला तरी कडी रुंदच असेल तर खांद्यांवर अजून माल आहे.

गोलाई तपासायला पत्र्यात अर्धवर्तुळ कापून फर्मा करा, त्रिज्या ३१.६. मण्यावर लावून उजेडाकडे धरा. उजेड जिथे दिसेल तिथे जास्त कातलं गेलंय.

माझं मत विचाराल तर काठ अगदी धारदार ठेवू नका, तिथे लाख टिकत नाही आणि टवका उडतो. भोकाभोवती १ मिमीची सपाट कडी राहू द्या. मग हिशोबात भोक २२ धरायचं: ३६०० + ४८४ = ४०८४, व्यास ६३.९. लेथवरच लाखेची कांडी टेकवून रंग चढवा, केवड्याच्या पानाने चमक आणा, पण ही कडी कोरी ठेवा. तिथे लाख आली तर उन्हाने मऊ होऊन मणी एकमेकांना चिकटतात.

ओटी_पडवी

दोघांचेही आभार. एक शंका आहे. घनफळात फक्त उंची येते म्हणता, मग भोक कितीही मोठं असलं तरी वजन तेच? हे मनाला पटत नाही.

भूमिती_रत्नागिरी

उंची तीच ठेवायची तर भोक मोठं करताना गोळाही मोठा करावा लागतो. ५० उंचीचे दोन घ्या. एकाचं भोक २०, व्यास ५३.८५. दुसऱ्याचं भोक १२०, व्यास १३० (१६९०० − १४४०० = २५००). दुसरा म्हणजे मधे ५ मिमी जाड असलेलं कडं. दोन्हींचं घनफळ ६५.४५ घन सेंमीच.

का ते बघा. मध्यापासून कुठल्याही अंतरावर मणी आडवा कापला तर कंकण दिसतं. त्याचं क्षेत्रफळ = ३.१४१६ × (अर्ध्या उंचीचा वर्ग − त्या अंतराचा वर्ग). गोळ्याची आणि भोकाची त्रिज्या वजाबाकीत एकमेकींना खाऊन टाकतात. प्रत्येक पातळीवरचा काप सारखा, म्हणून एकूणही सारखं. आणि मण्याच्या उंचीएवढ्या व्यासाच्या भरीव गोळ्याचा कापही नेमका हाच येतो.

टोपीची जाडी थेट हवी असेल तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) शर (जीवेपासून कमानीची उंची) काढायची रीत आहे: व्यास आणि ज्या (म्हणजे जीवा) यांची बेरीज गुणिले वजाबाकी, त्याचं वर्गमूळ व्यासातून वजा करून निम्मं. भोक म्हणजे ज्या, टोपी म्हणजे शर. (८० × ४०) = ३२००, मूळ ५६.५७, ६० मधून वजा केल्यावर ३.४३, निम्मे १.७२. लेथशेजारी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी रीत आहे ही.

कातकाम_सावंतवाडी

आता पावसाचं. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, रेषेच्या लांबीत जवळजवळ नाही. भोक उभ्या रेषेत असेल तर माळेची उंची आषाढातही तेवढीच राहते. आडवं पाडलं तर माळ लांब होऊन हुकात अडकते, शिवाय भोक लंबगोल होतं. लाकूड फुगलं की भोक आवळतं अशी समजूत आहे, पण मोकळ्या मण्यात भोकही लाकडाबरोबर मोठं होतं. १९ च्या कडीला २० चं भोक पुरेसं आहे, मात्र सागवान वाळलेलं हवं.

व्यासात ०.५ मिमीची चूक म्हणजे १० मण्यांत ५.३ मिमी. भोकात तेवढीच चूक झाली तर सुमारे १.७. म्हणून व्हर्निअर व्यासावर जास्त वेळा लावा. ९ मणी आधी पूर्ण करा, कडीवर ओवा, उरलेली जागा मोजा आणि दहाव्या मण्याचा तुकडा तेवढ्याच लांबीचा कापा. ५९.२ उरले तर व्यास ५९.२² + २२² च्या मुळाइतका, म्हणजे ६३.१६. शेजारच्या मण्यांत तो उठून दिसत नाही.