द्रुत सुरू झाली की आवाज फाटतो : टर्नटेबल बदलावे की सुई?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. वडिलांनी जमवलेल्या सुमारे दीडशे ध्वनिमुद्रिका माझ्याकडे आहेत. त्यांत ख्याल आणि नाट्यसंगीत यांचाच भरणा अधिक असून ७८ फेऱ्यांच्या काही जुन्या तबकड्याही आहेत. सहा वर्षांपूर्वी मी पट्ट्यावर चालणारे एक साधे टर्नटेबल (ध्वनिमुद्रिका वाजवायचे यंत्र) घेतले. त्याच्या टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीला, मागे फिरवता येणारे वजन आहे आणि काट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) दांडीच्या टोकाच्या हेडशेलला दोन स्क्रूंनी बसवलेले आहे. सुई मात्र यंत्राबरोबर आलेली, गोल टोकाची, तीच आजवर चालू आहे. माझी अडचण अशी की बाजूच्या सुरुवातीचा विलंबित (संथ) ख्याल स्वच्छ ऐकू येतो, परंतु शेवटी द्रुत, म्हणजे जलद भाग, सुरू होऊन ताना येऊ लागल्या की तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) आवाज फाटतो आणि शब्दांतल्या ‘स’, ‘श’ यांच्याभोवती खरखर जमते. पंचवीस हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. नवे टर्नटेबल घ्यावे, जुने परदेशी यंत्र शोधावे, की आहे त्यातच काही बदलावे?

उत्तर १ (नेरूळ)

नवे यंत्र घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एलपी (मोठी ध्वनिमुद्रिका) मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर चर (आवाज कोरलेली खाच) सरकतो आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत तो जेमतेम २१ सेंटीमीटरवर येतो. म्हणजे तेवढाच स्वर तिथे निम्म्याहूनही कमी जागेत कोरलेला असतो, त्याची वळणे दाट होतात, आणि गोल टोकाची सुई त्या वळणांत पूर्ण शिरूच शकत नाही. ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेचे दुर्दैव असे की गायक जिथे सर्वाधिक वेगाने आणि सर्वाधिक उंच जातो, नेमका तोच भाग या अडचणीच्या जागी येतो. तुम्ही महागडे टर्नटेबल घेऊन त्यावर पुन्हा गोल टोकाचीच सुई लावलीत, तर तान तिथेच फाटेल.

ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतले काट्रिज पाहावे. या मालिकेचा उपयोग असा की काट्रिज एकदा बसवले की पुढे केवळ सुई ओढून बदलता येते. ‘ई’ म्हणजे लंबवर्तुळाकार टोक आणि ‘एमएल’ म्हणजे अतिशय अरुंद कडेचे मायक्रोलिनिअर टोक. कंपनी पहिल्याचे आयुष्य सुमारे ३०० तास आणि दुसऱ्याचे सुमारे १,००० तास सांगते. वीस मिनिटांची एक बाजू धरली, तर हा फरक ९०० बाजू आणि ३,००० बाजू असा पडतो. ख्याल ऐकणाऱ्याने जमेल तर एमएलच घ्यावी.

त्याआधी मात्र सध्याचे काट्रिज नीट बसले आहे का, हे तपासा. कागदावरचा प्रोट्रॅक्टर (काट्रिजची जागा तपासायचा छापील आराखडा) तबकडीच्या जागी ठेवून मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवरच्या बिंदूंशी सुई टेकवायची आणि दोन्ही ठिकाणी काट्रिजची बाजू रेषांना समांतर येते का, ते पाहायचे. सोबत सुई तबकडीवर किती वजनाने टेकते ते मोजायला ग्रॅमचे शतांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. हे वजन कमी ठेवले म्हणजे ध्वनिमुद्रिका जपली जाते, हा गैरसमज आहे. हलकी सुई चरात उसळते आणि भिंती अधिक खरवडते.

उत्तर २ (पाचपाखाडी, ठाणे)

वरील सर्व मान्य, पण यंत्र कशावर ठेवले आहे? आमच्या जुन्या इमारतीत मी ते लाकडी कपाटावर ठेवत असे आणि नातवाने हॉलमध्ये धाव घेतली की सुई हमखास उडत असे. भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर जाड फळी बसवली आणि तो त्रास गेला. स्पीकर त्या फळीवर ठेवू नयेत.

पावसाळ्यात कागदी पाकिटांतून तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, तेही खरखरीचे मोठे कारण असते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, एवढे एलपीला पुरते. ७८ च्या तबकड्या मात्र लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून त्यांना ते मिश्रण चुकूनही लावू नका. त्या तबकड्यांचा चरही कितीतरी रुंद असतो. एलपीच्या सुईने वाजवल्यास सुई तळाशी लोळते. व्हीएम९५ मध्ये त्यांच्यासाठी ‘एसपी’ अशी वेगळी आवृत्ती आहे.

उत्तर ३ (वाशी)

जुन्या परदेशी यंत्राविषयी एक सावधगिरी. अनेक जुन्या टर्नटेबलांच्या मोटरीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. तिकडच्या पुलीचे (पट्टा फिरवणाऱ्या चाकाचे) यंत्र, ट्रान्सफॉर्मर लावूनही, इथे एक षष्ठांशाने मंद चालेल आणि हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणारा गायक पांढरी चारवर उतरलेला ऐकू येईल. खरेदीपूर्वी १८० रेषांची स्ट्रोबोस्कोप चकती (वेग तपासायची रेषांची चकती) ३३⅓ च्या वेगावर फिरवून चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली पाहावी. वेग बरोबर असेल तर रेषा स्थिर दिसतात.

रक्कम उरल्यास स्वतंत्र फोनो प्रीअँप (काट्रिजकडून येणारा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) घ्या. ध्वनिमुद्रण करताना खर्ज कमी आणि उंच स्वर वाढवून कोरलेले असतात आणि हा प्रीअँप ते मूळ प्रमाणावर आणतो. तो जोडल्यावर यंत्रातला प्रीअँप बंद करायला विसरू नका. माझ्या मते मात्र ही पायरी सुईनंतरचीच.

प्रश्नकर्त्याकडून (नौपाडा)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी काटा आणि प्रोट्रॅक्टर घेऊन बसलो. माहितीपुस्तिकेत २ ग्रॅम वजन सांगितले असताना काट्यावर १.३ ग्रॅमच भरले; रेकॉर्डी झिजू नयेत म्हणून मीच ते कधीतरी कमी केले होते. सुईचे टोकही बिंदूच्या जवळजवळ तीन मिलिमीटर मागे पडत होते. स्क्रू सैल करून काट्रिज पुढे सरकवले, वजन २ ग्रॅमवर आणले आणि जिथे आवाज सर्वांत जास्त फाटत असे ती वडिलांची आवडती बाजू लावली. मध्य सप्तकातली तान आता मोकळी ऐकू येते आणि तबल्याचा ‘ना’ तिच्यापासून सुटा कळतो. तार षड्जावर थोडी चरचर अजून उरली आहे. ती सुईचीच असावी, म्हणून एमएल मागवत आहे. भिंतीतल्या फळीसाठी सुतार शनिवारी येणार आहे.