सासूचा हात हवेतच

मोबाईलवरच्या त्या मायक्रो-ड्रामात, म्हणजे छोट्या छोट्या भागांच्या मालिकेत, सून भरमंडपात सासूचं सगळं ऐकून घेत राहिली, आधीच का बोलली नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. अहो, ती आधी बोलली असती तर पुढचे भाग विकले कसे असते? दीड-दोन मिनिटांचा एक भाग, पहिले काही फुकट, आणि सासूचा हात हवेत गेला की नेमकं कुलूप! चीनमध्ये चांगला मुरलेला धंदा आहे हा, चारचौघांतला अपमान त्याचा हुकमी एक्का.

परभणीत आमची मावशी तूर पाखडता पाखडता बघत होती. सूप मांडीवर तसंच. "माय माय! हाण की एक!"

मला मात्र मागचे पाहुणे खटकले. एवढा राडा, आणि एकाचाही मोबाईल वर नाही? आमच्याकडं आहेर राहिला असता बाजूला, आधी शूटिंग.