काळ्या जमिनीवरील गोल्फ मैदान: वाळूचे बंकर दुरुस्त करताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (देखभाल समिती सदस्य, नाशिक)

नमस्कार. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका नऊ होलच्या गोल्फ मैदानाच्या देखभाल समितीचे काम मी यंदापासून पाहतो आहे. (नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटले की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडतो, म्हणून आधीच सांगतो की मी खरोखर गोल्फ खेळल्या जाणाऱ्या मैदानाविषयी विचारत आहे.) आमच्याकडे चौदा बंकर (खेळात अडथळा म्हणून केलेले वाळूचे खोलगट खड्डे) आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बंकरांत पावसाळाभर पाणी तुंबून राहते. एखादी जोराची सर येऊन गेली की उभ्या काठावरची वाळू वाहून तळाशी गोळा होते, काठावर काळी माती उघडी पडते आणि पुढच्या सरीबरोबर तीच माती वाळूत मिसळते. दिवाळीनंतर ही मिश्र वाळू वाळून इतकी घट्ट बसते की दाताळे नुसते वरून खरवडत जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिच्यावर पापुद्रे धरतात.

मागच्या समितीने एका ठेकेदाराकडून सगळ्या बंकरांत जुन्या वाळूवरच नवी वाळू टाकून घेतली होती. पहिला पावसाळा संपेपर्यंत परिस्थिती जवळपास पूर्ववत झाली. आता समितीत दोन तट पडले आहेत. काही सभासदांना बाहेरून उत्तम पांढरी वाळू मागवायची आहे, तर काहींच्या मते सर्व बंकर खोदून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र तेवढा पैसा एका वर्षात उभा राहणार नाही. वाळू कोणती घ्यावी, खाली कापड किंवा अन्य अस्तर घालावे का, आणि टप्प्याटप्प्याने काम करायचे झाल्यास पहिला हात कशाला घालावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १ (स्थापत्य अभियंता, सातपूर)

आपण वर्णन केलेली सर्व लक्षणे पाण्याची आहेत. वाळूची निवड महत्त्वाची असली तरी ती तिसऱ्या क्रमांकावर येते. बंकरमध्ये बाहेरून येणारे पाणी आधी अडवावे, आत पडलेल्या पाण्याला नंतर वाट करून द्यावी आणि वाळू त्यानंतरच भरावी. हा क्रम उलटा केल्यामुळेच मागच्या समितीचा पैसा वाया गेला, असे मला वाटते.

बाहेरचे पाणी म्हणजे बंकरच्या वरच्या अंगाकडून उताराने वाहत येणारे पाणी. बंकरवर थेट पडणाऱ्या पावसापेक्षा हे पाणी कितीतरी पटींनी जास्त असू शकते, कारण वरचा सगळा उतार त्यात रिकामा होत असतो. भर पावसात छत्री घेऊन प्रत्येक बंकरच्या वरच्या काठावर उभे राहावे आणि पाणी कोठून आत शिरते ते पाहून तेथे खुंट्या ठोकाव्यात. त्या रेषेच्या थोडे वर उथळ, गवताने झाकलेला चर काढून पाणी बाजूने वळवावे आणि बंकरचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच करावा. चर इतका पसरट ठेवावा की त्यावरून गवत कापण्याचे यंत्र सहज फिरेल. हे काम स्वस्त आहे, आपल्याच माळ्यांकडून करून घेता येते, आणि काही बंकरांचे दुखणे एवढ्यानेच निम्मे कमी होते.

त्यानंतर आतला निचरा. जुने पाइप असतील तर ते चालू आहेत की नाहीत हे खोदण्यापूर्वी तपासावे. बंकरच्या सर्वांत खोल जागी नळी सोडून पाणी चालू ठेवावे आणि एका माणसाला पाइपाच्या मुखाशी उभे करावे. बरेचदा मुखच सापडत नाही. ते गवताखाली गाडले गेलेले असते, नाहीतर तेथे उंदीर-घुशींनी बीळ केलेले असते. नुसते मुख मोकळे केल्यावर वाहू लागलेले बंकर मी पाहिले आहेत. पाणी मुखापर्यंत पोहोचतच नसेल, तर मात्र पाइप गाळाने भरले आहेत असे समजून ते बदलावेत. साधारण ४ इंची छिद्रांचा पाइप, किमान १ टक्का उतार, खाली आणि भोवती धुतलेली बारीक खडी, आणि मुख्य पाइपाला माशाच्या काट्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी जोडलेले फाटे, अशी रचना सर्वत्र वापरली जाते. दोन फाट्यांमधील अंतर १५ फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. पाइपाभोवती कापड घट्ट गुंडाळण्याचा मोह टाळावा. चिकणमातीचे कण त्या कापडावर बसतात आणि काही काळाने तेच बूच होऊन बसते. मुख्य पाइपाच्या वरच्या टोकाला एक उभी, झाकणबंद नळी ठेवली तर दर वर्षी मे महिन्यात तिच्यातून जोराने पाणी सोडून सगळी ओळ धुता येते.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. पाण्याने ती फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. बंकरचा तळ थेट काळ्या मातीचा असेल तर उन्हाळ्यात भेगांत वाळू उतरते आणि पावसात त्याच भेगांतून चिखल वर येतो. म्हणून तळाची काळी माती शक्य तितकी काढून त्या जागी कठीण मुरूम थर देऊन दाबून घ्यावा आणि तळाला पाइपाच्या दिशेने उतार ठेवावा.

प्रतिसाद २ (मैदान व्यवस्थापक, निवृत्त)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. वाळूविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण समित्या पैसा घालवतात तो बहुधा येथेच.

अमेरिकेतील गोल्फ संघटनेच्या, म्हणजे यूएसजीएच्या मार्गदर्शक सूचनांत बंकरच्या वाळूचे बहुतांश कण ०.२५ ते १ मिलिमीटरच्या दरम्यान असावेत, असे सांगितले आहे. गाळ आणि चिकणमाती अगदी नगण्य, दोन-तीन टक्क्यांच्या आत असावी. आपल्याकडील बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळा भारतीय मानकाच्या चाळण्या वापरतात, त्यामुळे अहवाल हाती आला की १.१८ मिलिमीटर आणि ३०० मायक्रॉन या दोन चाळण्यांच्या मधे किती वाळू राहिली ते आधी पाहावे, आणि ७५ मायक्रॉनच्या खाली किती गेली ते त्यानंतर. २ मिलिमीटरहून मोठे खडे चालत नाहीत. बंकरमधून चेंडू बाहेर मारताना वाळूबरोबर ते हिरवळीवर उडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापण्याच्या यंत्राची पाती बोथट झालेली सापडतात.

नाशिकमध्ये सहज मिळणारी क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, बेसाल्टची असते. तिचे कण कोनदार असल्यामुळे ती उतारावर टिकते, ही तिची जमेची बाजू. परंतु तिच्यात दगडाची भुकटी फार असते. काँक्रीटच्या मानकात या भुकटीला जेवढी मोकळीक दिलेली आहे, तेवढी बंकरमध्ये चालत नाही. पाऊस पडून ऊन पडले की तीच भुकटी सिमेंटासारखी धरते. शिवाय काळसर रंगामुळे ती उन्हात भयंकर तापते. धुऊन आणि चाळून मिळत असेल तरच तिचा विचार करावा. नदीची वाळू घ्यायची असेल तर रॉयल्टीची पावती आणि वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय गाडी आत घेऊ नये. पांढरी सिलिका वाळू सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातील कासार्डे भागातून निघते. मात्र ‘पांढरी’ म्हणजे ‘योग्य’ नव्हे. ओतकामासाठी चाळलेली सिलिका फार बारीक असू शकते, आणि कण गोलसर असतील तर वरून पडलेला चेंडू त्यात अर्धा रुतून बसतो. चेंडू किती रुततो हे मोजण्याचे साधे दाबमापक मिळते. त्यावर प्रति चौरस सेंटिमीटर २.४ किलोग्रॅमच्या वर आकडा आला तर वाळू चांगली, १.८ च्या खाली आला तर चेंडू रुतणारच.

प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वी घरच्या घरी एक चाचणी करावी. काचेच्या उंच बरणीत निम्म्यापर्यंत वाळू घालावी, मिठाचे पाणी ओतून जोराने हलवावे आणि तीन तास न हलवता ठेवावी. वाळूच्या वर राखाडी गाळाचा स्पष्ट थर दिसला तर तो व्यापारी तेथेच बाद करावा. आणि नमुना व्यापाऱ्याने पिशवीत घालून दिलेला घेऊ नये. ढिगाच्या मधून, आपल्या हाताने घ्यावा.

मापाचा अंदाज असा: तळाला ४ ते ६ इंच, चढत्या बाजूंना २ ते ३ इंच वाळू पुरते. १००० चौरस फुटांच्या बंकरमध्ये सरासरी ५ इंच धरली तर सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासहून थोडी अधिक वाळू लागेल. दबून बसेल त्याची भर वेगळी धरावी.

प्रतिसाद ३ (खेळाडू, गंगापूर रोड)

मी तांत्रिक माणूस नाही, पण आठवड्याला खेळणारा म्हणून एक मुद्दा मांडतो. नऊ होलच्या मैदानाला चौदा बंकर हवेतच कशाला? त्यातले काही असे असतील की चांगला खेळाडू तेथे कधी जात नाही आणि नवशिका रोज अडकतो. अशा बंकरांची वाळू काढून तेथे गवताचे खोलगट भाग केले तर खेळातील आव्हान राहील आणि देखभालीचा खर्च कायमचा वाचेल. त्याच पैशात उरलेल्या बंकरांचे काम नीट होईल. सभासद सुरुवातीला कुरकुर करतील, पण चिखलातून चेंडू मारताना ते आजही करतातच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बंकर कमी करण्याची सूचना समितीपुढे निश्चित मांडेन. खरे सांगायचे तर असे तीन-चार बंकर माझ्या डोळ्यांसमोर लगेच आले. अस्तराविषयी आणि कामाच्या वेळापत्रकाविषयी अजून थोडे कळले तर बरे होईल. तसेच दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पावसाळ्यात पाणी भरलेल्या बंकरांचे करायचे काय, हाही प्रश्न आहे.

प्रतिसाद ४ (स्थापत्य अभियंता, सातपूर)

अस्तराचे काम एवढेच की खालची माती आणि वरची वाळू एकमेकींत मिसळू नयेत. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कृत्रिम कापड, स्वस्त आहे, परंतु चढत्या बाजूंवर वाळू दोन इंचांची झाली की दाताळ्याचे दात त्यात अडकतात, कापड वर ओढले जाते, आणि एकदा फाटले की त्याचा उपयोग संपतो. खडीच्या दोन इंची थरावर पॉलिमर फवारून ती जागेवर बांधून घेणे किंवा पाणी झिरपू देणारे सच्छिद्र काँक्रीट घालणे हे पर्याय टिकाऊ आहेत, पण खर्च बराच वाढतो आणि फवारणीला कोरडी हवा लागते. माझे मत असे की उतार सौम्य केले तर अस्तराची गरजच बरीच कमी होते. कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारापर्यंतच स्वतःहून थांबते. पावसात तेवढ्यावरही थांबत नाही. म्हणून वाळू सपाट तळापुरती ठेवावी आणि उभ्या बाजूंवर हरळी लावावी. लांबून पांढऱ्या कड्यासारखे दिसणारे बंकर दूरचित्रवाणीवर शोभतात. आपल्या पावसात ते दर आठवड्याला फावड्याने पुन्हा चढवावे लागतात.

वेळापत्रक हवामान ठरवून देते. परतीच्या पावसानंतर काळी माती बराच काळ चिकट राहते आणि त्या अवस्थेत यंत्र घातले तर भोवतालचे गवतही खराब होते, म्हणून खोदाई दिवाळीनंतर सुरू करावी आणि मुरूम, पाइप, खडी ही कामे जानेवारीपर्यंत आटोपावीत. नाशिकच्या थंडीत हरळी जवळजवळ वाढत नाही. काठावरचे गवत फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावे. ते धरल्यावरच एप्रिलमध्ये वाळू भरावी, म्हणजे लावणीची माती तिच्यात पडणार नाही. वाळू दोन थरांत भरून, पाणी मारून, कंपन यंत्राने दाबावी आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान महिनाभर बसू द्यावी. पहिल्या वर्षी सर्वांत वाईट दोन बंकर घ्यावेत. एक पावसाळा त्यांनी कसा काढला ते पाहून बाकीच्यांचा निर्णय करावा.

प्रतिसाद ५ (मैदान व्यवस्थापक, निवृत्त)

पाणी भरलेल्या बंकरांसाठी नियमांत सोय आहे. तात्पुरत्या पाण्यात चेंडू असेल तर खेळाडूला बंकरच्या आतच, जेथे पाणी नाही किंवा सर्वांत कमी आहे तेथे, विनादंड सुटका घेता येते, म्हणजे दंड न बसता चेंडू हलवता येतो. बंकरबाहेर, होलपासून चेंडूच्या सरळ मागे जाणाऱ्या रेषेवर जायचे असेल तर एक फटका दंड बसतो. आपल्याकडे तर बंकर पूर्ण भरतो. अशा वेळी समितीने स्थानिक नियम करून तो विशिष्ट बंकर ‘दुरुस्तीखालील जमीन’ म्हणून जाहीर करावा, म्हणजे बाहेर विनादंड सुटका मिळते. सूचना पहिल्या टीजवळच्या (जेथून खेळ सुरू होतो त्या जागेजवळच्या) फलकावर लावावी, नाहीतर प्रत्येक गटाचा नवव्या होलपर्यंत वाद चालतो. खडे राहिले असतील तर त्याचीही फार चिंता नको. २०१९ पासून बंकरमधील दगड, पाने, काटक्या उचलता येतात, मात्र त्यामुळे चेंडू हलला तर एक फटका दंड आहे.

रोजच्या देखभालीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. माळ्याच्या हातात खुणा केलेली लोखंडी सळई द्यावी आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक बंकरच्या पाच-सहा ठिकाणी ती खुपसून वाळूची खोली वहीत लिहून घ्यावी. दाताळे नेहमी एकाच दिशेने ओढले गेल्यामुळे वाळू हळूहळू एका बाजूला सरकते आणि मधे खडी वर दिसेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे काठ. हरळीचे धावते कोंब पावसाळ्यात आत घुसतात. ते पंधरा दिवसांनी कुदळीने नव्हे, तर धारदार सरळ पात्याने कापावेत, कारण कुदळीने दर वेळी काठाची माती आत पडते आणि बंकर वर्षागणिक रुंद होत जातो. लव्हाळा मात्र कापून उपयोगाचा नाही, तो गाठीसकट खणूनच काढावा लागतो. बंकरमधील वाळू सर्वसाधारणपणे पाच ते सात वर्षांनी बदलावी लागते असे धरले जाते, तेव्हा त्या खर्चाची तरतूद आतापासूनच दर वर्षी थोडी थोडी बाजूला काढावी आणि ती समितीच्या ठरावात लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या समितीला ती दुसरीकडे वळवता येणार नाही.