कानू नक्की केवढा मोठा प्लेयर होता?

गल्ली_विंगर
मंडळी एक शंका. मी 2006 नंतर फुटबॉल बघायला लागलो त्यामुळे नायजेरियाचा न्वान्क्वो कानू मला पोर्ट्समथचा तो लांबलचक, संथ म्हातारा म्हणूनच माहितीये. काका म्हणतात त्याच्यासारखा टच कुणाला नव्हता, आणि हार्टचं ऑपरेशन करून आलेला. पण आर्सेनलमध्ये दोनशेच्या आसपास मॅचेस आणि गोल फक्त 44? म्हणजे लोकं हार्टच्या स्टोरीमुळेच हळवी होतात का?

जुना_स्टॉपर
काका बरोबर आहेत रे. 18 वर्षांचा असताना हॉलंडच्या आयाक्स क्लबकडून 1995 ची चॅम्पियन्स लीग फायनल खेळला, बदली प्लेयर म्हणून का होईना, समोर इटलीचा मिलान. पुढच्या वर्षी अटलांटा ऑलिंपिकला नायजेरियाचा कॅप्टन. सेमीफायनलला ब्राझील, म्हणजे रोनाल्डो बेबेटो रिवाल्डो सगळे, आणि हाफटाइमला 3-1 ने मागे! शेवटी 3-3 कानूने केलं आणि गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथेच संपायची, तो) पण त्यानेच मारला, मग फायनलला अर्जेंटिनाला हरवून गोल्ड. त्याच उन्हाळ्यात इटलीच्या इंटर क्लबने घेतला, मेडिकल केली तर हार्टचा व्हॉल्व खराब. तिकडचे डॉक्टर म्हणाले करिअर संपलं. वय 20. अमेरिकेत ऑपरेशन झालं आणि 97 मध्ये परत मैदानात, आता बोल.

ऑफसाइड_आत्या
44 गोलांवर जाऊ नकोस. पुढे ऑन्री आणि बर्गकँपसारखे स्ट्रायकर असताना रोज कोण खेळवणार त्याला? बेंचवरून यायचा आणि पंधरा मिनिटात धिंगाणा. ऑक्टोबर 1999 ची चेल्सीची मॅच यूट्यूबवर बघ, आर्सेनल 2-0 ने मागे होते, शेवटच्या पंधरा मिनिटात याने तीन मारले, तिसरा तर कीपर डी गोई बाहेर धावत आला त्याला पार एंडलाइनजवळ चकवून तिथूनच. अँगल नावाची गोष्टच नव्हती राव.
बाकी पहिल्याच मॅचला गोंधळ घातलेला, शेफील्ड युनायटेडने प्लेयर लागला म्हणून बॉल बाहेर मारला, अशा वेळी बॉल त्यांना परत द्यायचा रिवाज म्हणून आर्सेनलने थ्रो तसा टाकला तर हा घेऊन पळाला आणि ओव्हरमार्सला क्रॉस दिला, गोल! त्याला समजलंच नव्हतं म्हणे. आर्सेनलचा मॅनेजर वेंगरने स्वतः मॅच परत खेळायची तयारी दाखवली, परत झाली, परत 2-1.

जुना_स्टॉपर
हाहा हो. पण आत्या, वेस्ट ब्रॉमकडून मिडल्सब्रोविरुद्ध गोललाइनसमोरून बारच्या वर मारलेला बॉल पण सांगा की, फूटभर अंतरावरून! आणि 2000 ची आफ्रिका कप फायनल, लागोसला घरच्या मैदानावर, कॅमेरूनविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये याचीच किक अडवली. आफ्रिका कप शेवटपर्यंत मिळालाच नाही बिचाऱ्याला. तू ज्याला संथ म्हणतोस ना, त्यानेच 2008 ला कार्डिफविरुद्ध एकमेव गोल मारून पोर्ट्समथला एफए कप (इंग्लंडचा नॉकआउट कप) दिला, 31 वर्षांचा होता तेव्हा. आर्सेनलबरोबर दोन झालेच होते, हा तिसरा.
ऑपरेशनच्या अनुभवातून 2000 मध्ये लहान मुलांच्या हार्ट ऑपरेशनसाठी फाउंडेशन पण काढलंय.

गल्ली_विंगर
चेल्सीवाली बघितली आत्ता. तिसऱ्या गोलला मी खुर्चीतून उठलो खरंच, पाय एवढे लांब आणि बॉल कसा चिकटतो तेच कळेना. शब्द मागे घेतो. काकांना सांगितलं तर म्हणाले आधी ब्राझीलवाली बघ मग बोल, तिची पूर्ण मॅच कुठे मिळेल कुणाला माहितीये का?