एकच विमान धरावं की बदलत राहावं? (अनुभव धागा: लढाऊ विमानांची सिम्युलेटरं)

मंडळी, कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवणारे आपल्यातही बरेच निघतील, म्हणून हा धागा. डीसीएसचा (या सिममध्ये प्रत्येक विमान वेगळं विकत घ्यावं लागतं) सेल लागला की प्रश्न दरवेळी उभा राहतो: आहे त्याच विमानावर हात बसवावा, की आणखी एक घ्यावं? मतं नकोत, अनुभव लिहा. कुठलं सिम, कुठलं विमान, बदल केल्यावर काय झालं. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मीच वापरून टाकतो, म्हणजे पुढे कुणी वापरायला नको.

माझं सांगतो. मी मुख्यतः एफ/ए-१८सी हॉर्नेट उडवतो, अधूनमधून एफ-१६. दोन्ही अमेरिकन, दोन्हींवर अ‍ॅमराम आणि साइडवाइंडर ही तीच क्षेपणास्त्रं. एक आलं की दुसरं आलंच, असं वाटतं. पण हॉर्नेटमध्ये ज्या पडद्यावर काम करायचं त्या दिशेला स्टिकवरचं बटण ढकलायचं. एफ-१६ मध्ये तेच काम दुसरं बटण खाली दाबून होतं आणि ताबा या पडद्यावरून त्या पडद्यावर उडी मारतो. लक्ष्य पक्कं करायची बटणंही वेगळी. उतरणं तर पार उलटं. हॉर्नेटमध्ये आल्फा (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) ८.१ अंशांवर धरून ठेवायचा आणि तसंच विमानवाहू जहाजाच्या डेकवर आपटायचं, शेवटी नाक ओढायचं नाही. एफ-१६ ला तसं आपटलं तर चाकांची काही खैर नाही. तिथे शेवटी हलकं ओढायचं आणि टेकल्यावरही नाक वर धरून वेग मारायचा.

गंमत म्हणजे डोक्यातलं सगळं इकडून तिकडे चालतं. क्षेपणास्त्र कधी सोडायचं, सोडल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, उंची कधी खर्च करायची, यात काही फरक पडत नाही. अडतं ते बोटांत.

शंभरनऊ
आयएल-२ ग्रेट बॅटल्स हे दुसऱ्या महायुद्धाचं सिम, आणि त्यात फक्त जर्मन मेसरश्मिट १०९. ई पासून के पर्यंत. उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढतं, उतरताना अरुंद चाकांवर डुलतं, वेग पडला की पंखाच्या पुढच्या पट्ट्या आपोआप बाहेर येतात. नवख्याला हे सगळे दोष वाटतात. माझ्यासाठी त्या खुणा आहेत. वळणात वेग किती उरलाय हे मी घड्याळात बघतच नाही. पट्ट्या उघडल्या, नाक जड झालं, कळलं. डोळे पूर्ण वेळ बाहेर. जर्मन वैमानिक एरिश हार्टमानच्या नावावर पाडलेली ३५२ विमानं आहेत आणि तो युद्धभर १०९ वरच होता, हे उगाच नाही.

मात्र एक केलं. काही आठवडे मुद्दाम समोरच्या बाजूचं, म्हणजे रशियन याक-१ चालवलं. याकच्या पाण्याच्या आणि तेलाच्या रेडिएटरच्या झडपा हाताने उघड-बंद कराव्या लागतात. बंद ठेवल्या की वेग वाढतो, पण इंजिन तापत जातं. तेव्हापासून समोरचा याक सुसाट पळायला लागला की मी घाई करत नाही. थोडी उंची धरून मागे राहतो. त्याला झडपा उघडाव्याच लागतात. हे १०९ मध्ये कितीही वर्षं बसून कळलं नसतं. परत आलो ते मात्र १०९ वरच.

आजोबा ओझरकर
मी खेळत नाही, नातू खेळतो, मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. नोकरी ओझरच्या कारखान्यात झाली, तिथे मिग-२१ बनत असत, त्यामुळे त्याने मिग-२१ बिस घेतलं तेव्हा बरं वाटलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाला हवाई दलाने निरोप दिला, तो कार्यक्रम आम्ही दोघांनी मिळून पाहिला.

तुम्ही लोक आठवड्यात चार विमानं बदलता, याचं मला नवल वाटतं. स्क्वाड्रनमधला वैमानिक एका प्रकारावर वर्षानुवर्षं काढतो आणि दुसऱ्यावर जाण्याआधी रीतसर रूपांतर प्रशिक्षण घेतो. नातवाचं म्हणणं, “आजोबा, इथे कुणी मरत नाही.” तेही खरंच. पण मिगवरून तो अमेरिकन विमानावर गेला की मला फरक दिसतो. इकडे वेग किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये. तिकडे नॉट आणि फूट. इकडे ब्रेकचा दांडा स्टिकवर, तिकडे पायांत. शत्रूचं रडार आपल्यावर आहे हे सांगायला मिगमध्ये चार दिशांचे चार दिवे, बस्स. त्यामुळे तो निघण्याआधी नकाशा नीट बघतो. दुसऱ्या विमानात पडदा सगळं सांगतो, मग नकाशा कोण उघडतो?

व्हायपरवाली
फाल्कन बीएमएस (जुन्या फाल्कन ४.० ची चाहत्यांनी सुधारलेली आवृत्ती), एफ-१६, विषय संपला. मूळ फाल्कन ४.० हे १९९८ चं, तरी त्यातल्या कोरियाच्या मोहिमेला अजून तोड नाही. युद्ध आपल्याशिवाय चालूच राहतं. काल पाडलेला पूल आज पडलेलाच असतो. लोक कंटाळा आला म्हणून विमान बदलतात, पण कंटाळा बहुतेक वेळा मोहिमेचा असतो. मुलं झोपल्यावर मिळणारा वेळ मला नव्या बटणांची उजळणी करण्यात घालवायचा नाही.

भटक्या_मेडनहेड
मी उलट्या टोकाचा, सगळं उडवतो. राहतो इंग्लंडात, घराजवळ व्हाइट वॉल्टम आहे, जिथून दुसऱ्या महायुद्धात एअर ट्रान्सपोर्ट ऑग्झिलरीचा कारभार चालायचा. कारखान्यातून तळावर विमानं पोचवणारे हे नागरी वैमानिक, त्यात बायकाही होत्या. सकाळी स्पिटफायर, दुपारी दोन इंजिनांचं बॉम्बर. एकूण १४० हून जास्त प्रकार त्यांनी हाताळले. न पाहिलेलं विमान समोर आलं की खिशातली छोटी वही काढायची, वेग, फ्लॅप, इंजिनाचे आकडे वाचायचे, आणि निघायचं. मीही प्रत्येक विमानाचा एक कागद करून मॉनिटरखाली चिकटवतो. ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी ४८७ प्रकारची विमानं उडवली. माणसाला जमतं.

शंभरनऊ
@भटक्या, अहो, ते विमानं पोचवत होते. मागे कुणी लागलेला असताना वही कोण वाचणार?

भटक्या_मेडनहेड
मान्य. म्हणून ऑनलाइन सर्व्हरवर मी वाईट मरतो. पण मला मारण्यात नाही, उडण्यात रस आहे.

बारावी_नापास_पायलट
वॉर थंडर. दिवसाला सात-आठ विमानं. तिकडे सगळ्यांची बटणं एकच, त्यामुळे तुमचं हे दुखणं आम्हाला नाही 😄

पत्रा_आणि_सोल्डर
वरच्या पोराने नकळत उत्तर दिलंय. डीसीएसमध्येही हे थोडंफार करता येतं. माझ्याकडे थ्रस्टमास्टर वॉर्टहॉग आहे, म्हणजे ए-१०सी या अमेरिकन हल्ला विमानाच्या स्टिक-थ्रॉटलचीच नक्कल. ए-१०सी मध्ये बटण जिथे हवं तिथेच. का-५० हे रशियन हेलिकॉप्टर घेतलं आणि ‘खऱ्यासारखं’ जुळवायला गेलो तर काही केल्या बसेना. मग खऱ्याचा नाद सोडला. आता बटणं विमानाप्रमाणे लावत नाही, कामाप्रमाणे लावतो: लक्ष्य पक्कं करणं उजव्या अंगठ्याखाली, ट्रिम (विमान हात न लावता सरळ राहावं म्हणून करायची जुळवणी) कायम स्टिकवरच्या ‘टोपी’वर, म्हणजे चार दिशांना ढकलायच्या बटणावर, फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे) डाव्या करंगळीला, विमान कुठलंही असो. पुस्तकाशी जुळत नाही, शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण अडचणीच्या क्षणी बोट बरोबर जागी जातं. आणि नवं विमान विकत घ्यायच्या आधी १४ दिवसांची मोफत चाचणी वापरा, तेवढ्यात पटतं की नाही ते कळतं.

धागाकर्ता
@पत्रा, हे आज रात्रीच करून बघतो. एफ-१६ ची बटणं हॉर्नेटसारखी लावायचा विचार कधी शिवलाच नव्हता. @व्हायपरवाली, तुम्हाला हे पाप वाटेल, आधीच माफी.

व्हायपरवाली
पापच आहे.

मागची_सीट
एफ-१४ वाल्यांचं कुणी बोललंच नाही. आमच्यात विमान बदलत नाही, सीट बदलते. पुढे उडवणारा, मागे रडारवाला, आणि दोघांचं काम इतकं वेगळं की एकाच पैशात दोन विमानं. मागे बसायला माणूस नसेल तर जेस्टर नावाचा संगणकी जोडीदार मिळतो. चांगला आहे, पण त्याला मराठीतून शिव्या देता येत नाहीत. माझा नेहमीचा वैमानिक दुबईला गेलाय. शनिवारी रात्री दहानंतर पुढे बसायला कुणी येणार असेल तर निरोप टाका. विमानवाहू जहाजावर उतरता आलं पाहिजे, बाकी मी सांभाळतो.