गेटवेनंतर काय? कान्हेरी!

मुंबईत गेटवे, मरिन ड्राइव्ह झालं की पाहुण्यांना कुठे न्यायचं, असा प्रश्न पडतो. माझं मत कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून लेणी बरीच आत आहेत, पण बस मिळते. शंभराहून जास्त लेणी, आणि बहुतेक मंडळी ३ नंबरचा चैत्य (प्रार्थनागृह), तिथल्या उंच बुद्धमूर्ती बघून परततात. तसं करू नका, वर चढा. कातळात खोदलेले पाण्याचे पाट आणि टाकी बघा. भर पावसात गेलात तर ती सगळी व्यवस्था वाहताना दिसते. (माकडं आहेत, वेफर्सची पुडी हातात नकोच.) सोमवारी बंद. घारापुरीची (एलिफंटा) लेणीही सोमवारी बंदच, त्यामुळे त्या दिवशी सरळ दादर गाठा: साबुदाणा वडा आणि वर पियूष.